कौसल्येच्या वहीतली उपमा

मार्च लागला की आमच्या नगरच्या गल्लीतली दुपार एकदम शहाणी होते. एरवी चेंडू मारून माझ्या कुंड्या फोडणारी मुलं घरात कोंडली जातात, कुणाच्या तरी खिडकीतून भूगोल मोठ्यानं पाठ केल्याचा आवाज येतो, आणि शेजारची दहावीतली मुलगी गाईड काखेत मारून माझ्याकडे येते. मी मराठीची निवृत्त बाई, म्हणजे या गल्लीतला व्याकरणाचा फुकट दवाखाना. काल येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, अलंकार तेवढे करून घ्या ना. ते गुण पक्के असतात म्हणे."

गाईडात एक चौकट होती. 'सारखा, समान, जसा, परी' दिसलं की उपमा. 'जणू, गमे, भासे, वाटे' दिसलं की उत्प्रेक्षा. दोन गोष्टी एकच आहेत असं म्हटलं की रूपक. निर्जीव वस्तू माणसासारखी वागायला लागली की चेतनगुणोक्ती. शब्द शोधायचा, नाव लिहायचं, गुण घ्यायचे. मुलगी चलाख. अर्ध्या तासात तिनं वीसच्या वीस उदाहरणं बरोबर ओळखली आणि गाईड मिटून म्हणाली, "किती सोपंय हो! वाक्य पूर्ण वाचावंसुद्धा लागत नाही."

मी तिला हटकलं नाही. कुठल्या तोंडानं हटकणार? वाक्य पूर्ण न वाचता अलंकार ओळखायची विद्या मी वयाच्या तेविसाव्या वर्षीच कमावली होती. ती गेली आणि मी बराच वेळ दाराशी उभी राहिले. कडुनिंबाची पानं अंगणभर पडली होती, ऊन पांढरं झालं होतं, आणि मला खडी फोडल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आमच्या गल्लीत आता कुणी खडी फोडत नाही. तरी दर मार्चला तो येतो.

मी शिकवायला लागले ते बहात्तर साली, जूनमध्ये. काष्टीपासून पाच-सहा मैल आत एक गाव होतं, तिथं नवीन हायस्कूल निघालं होतं. पत्र्याच्या खोल्या, शेणानं सारवलेली जमीन, आणि फळा असा की डांबर लावूनही त्याच्या भेगा दिसायच्या. मास्तर सहा आणि बाई मी एकटी. शनिवारी दुपारी काष्टीहून आगगाडी धरून नगरला घरी जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं, असा माझा क्रम होता. मुलींना माझं फार अप्रूप. मी कोणत्या रंगाची साडी नेसते, मनगटावर घड्याळ कुठल्या हाताला बांधते, हे त्या एकमेकींना सांगत असायच्या.

आणि मला स्वतःचंच अप्रूप होतं, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. बी.ए.ला मराठीत वर्गात पहिली आले होते. चार कविता छापून आल्या होत्या. अलंकार हा तर माझा हातखंडा. बोलताना, चालताना, भाजी निवडताना मला अलंकार दिसायचे. माझी घरमालकीण म्हणाली, "चूल आज लई रुसलीया," की मी मनात लगेच म्हणायची, चेतनगुणोक्ती. बिचारीची लाकडं ओली असायची, धुरानं तिचे डोळे लाल झालेले असायचे, आणि मी उंबऱ्यावर उभी राहून तिच्या वाक्याला दाद देत असायची. फुंकणी हातात घेऊन चार फुंकरा माराव्यात हे काही सुचलं नाही.

निबंधवह्या तपासायची माझी एक खास पद्धत होती. डावीकडच्या समासात मी लाल शाईनं खुणा करायची. उपमा दिसली की 'उ.', रूपक दिसलं की 'रू.', अतिशयोक्ती दिसली की 'अति.' शेवटी खुणा मोजायच्या, शेरा लिहायचा, खाली सही आणि तारीख. मुलांनाही त्याची चटक लागली. वही हातात पडली की निबंध सोडून आधी समास बघायची. "मला तीन 'उ.' पडले, तुला किती?" असा हिशेब मधल्या सुट्टीत चालायचा. आमचे हेडमास्तर कौतुकानं म्हणायचे, बाईंनी पोरांना भाषेची गोडी लावली. मला ते खरं वाटायचं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीही जेमतेमच होता, पण या वर्षी पेरलेलं उगवलंच नाही. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसले. गुरं बाजारात गेली, आणि काष्टीच्या बाजारात घ्यायला माणूस नाही म्हणून परत आली, आणि मग कुठं गेली ते कुणी कुणाला विचारलं नाही. रेशनवर मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना फुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. मी ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा तिच्यावरही मनात एक उपमा रचली होती. आता ती आठवत नाही हे बरं आहे.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. आमच्या गावाला माळावर खडीचं काम मिळालं. डोंगराच्या कडेनं दगड आणून टाकायचे आणि बायकापुरुषांनी हातोड्यानं फोडून त्यांची खडी करायची. ज्याला जमीन नाही तो गेला, आणि ज्याला चाळीस एकर होती तोही गेला. ज्यांचा पदर कधी गल्लीत ढळला नव्हता अशा सासुरवाशिणी तोंडावर पदर ओढून खडी फोडायला बसल्या. वरच्या वर्गांची शाळा सकाळची केली, म्हणजे दुपारी पोरांना कामावर जाता यावं. सकाळच्या तासालाही तो आवाज माळावरून वर्गात येत राहायचा. मी कविता शिकवत असायची आणि प्रत्येक ओळीमागं टक, टक, टक. सुरुवातीला मी खिडकी लावून घ्यायची. पुढं सवय झाली.

कौसल्या अकरावीला होती. अकरावी म्हणजे त्या वेळची मॅट्रिक. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. उंच, सावळी, गप्प. हात वर करणं तिला ठाऊकच नव्हतं, पण नाव घेऊन विचारलं तर उत्तर नेमकं यायचं. तिच्या गावात, तिच्या घरात, तिच्या आईच्या माहेरीसुद्धा मुलगी मॅट्रिकला बसलेली नव्हती. पास झाली तर नगरला ट्रेनिंगला पाठवायचं आणि मास्तरीण करायचं, असं तिच्या आईनं ठरवलं होतं. आई तसं गावभर सांगायची. "माजी कौशी बाईंवानी व्हनार हाय," हे मी स्वतः पाणवठ्यावर ऐकलं होतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

संक्रांत झाल्यावर मी निबंध दिला, 'दुष्काळातला एक दिवस'. चाळीस वह्या आल्या. बहुतेकांत धरणीमाता तृषार्त होती आणि बळीराजा आकाशाकडे डोळे लावून बसला होता. हे मीच शिकवलेलं. समासात 'चे.' आणि 'रू.' टाकून टाकून माझा हात दुखला. मग कौसल्येची वही आली. तिनं पहाटे टँकरवर नंबर लावण्यापासून सुरुवात केली होती, साधी. आणि मध्येच हे होतं:

'शाळेत येते तेव्हा फळ्यावरची अक्षरं पाण्यात बुडालेल्या खड्यांसारखी दिसतात. हलतात. एक डोळा झाकला की थांबतात.'

मी खुर्चीवरून उठलेच. ज्या गावात पाण्याचा थेंब नाही, त्या गावातल्या मुलीला फळ्यावर पाणी दिसतं! तहानेचं याहून सुंदर चित्र काय असेल? मी 'उ.' लिहिलं, त्याभोवती गोल काढला. शेरा लिहिला, 'अप्रतिम कल्पना. टंचाईत पाण्याचा भास!' आणि त्यातलं शेवटचं वाक्य, एक डोळा झाकला की थांबतात, ते मला जरा गद्य वाटलं. त्यानं चित्राचा जोर कमी होतो असं वाटलं. मी त्याला लाल कंस केला आणि वर लिहिलं, 'अनावश्यक'.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. नुसतं वाचलं नाही, फळ्यावर लिहिलं. उपमेय काय? फळ्यावरची अक्षरं. उपमान काय? पाण्यात बुडालेले खडे. दोघांतला समान धर्म काय? अस्पष्ट हलणं. साम्य दाखवणारा शब्द कोणता? सगळा वर्ग ओरडला, "सारखी!" मी म्हणाले, "बघा, आपल्यातलीच मुलगी. असं लिहावं." मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. कौसल्या मान खाली घालून बसली होती. लाजली, असं मला वाटलं. तिसऱ्या बाकावरून तिला ते वाक्य, तिचं स्वतःचं, माझ्या अक्षरात वाचता येत नव्हतं.

पंधरवड्यानं दुसरा निबंध दिला, 'माझा आवडता ऋतू'. खरं सांगायचं तर चाळीसातली एकच वही मी आधी उघडली. मला पुन्हा तसं काही हवं होतं. तिनं लिहिलं होतं, 'मला यंदा कुठलाच ऋतू नीट दिसत नाही. उजवीकडे सगळं पांढरं आहे. उन्हाकडे बघितलं की टोचतं.' मी खट्टू झाले. नुसती तक्रार. एकही अलंकार नाही. मी लिहिलं, 'निराशेचा सूर नको. पहिल्या निबंधातली कल्पकता कुठे गेली?' सही, तारीख.

कधीकधी वाटतं, देवानं माणसाला सगळ्या चुका विसरायची सोय करून दिली आहे, फक्त ज्या त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिल्या त्या सोडून.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षेची उजळणी चालली होती. मी वर्गाला म्हणाले, डोळ्यांवर प्रत्येकानं एक उपमा सांगा. पुस्तकांत सगळ्या नायिकांचे डोळे कमळासारखे आणि हरिणीसारखे असतात. तुम्ही तुमच्या बघण्यातलं सांगा. पोरं रंगात आली. कुणी म्हणालं जांभळासारखे, कुणी म्हणालं आमच्या गाईसारखे, एकानं माझ्या चष्म्यावर काहीतरी जुळवलं आणि सगळे हसले. कौसल्येची पाळी आली. ती उभी राहिली आणि तिनं पदर आणखी पुढं ओढला. मी म्हणाले, "अगं, तू तर आमची कवयित्री! तुला कसली अडचण? पाण्यातल्या खड्यांसारखं काहीतरी सांग."

तिच्या शेजारी सुमन बसायची, दणकट आणि तोंडाची फटकळ. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "बाई, तिला कशाला चिडिवताय? तिचा डोळा गेलाय की."

मी म्हणाले, "म्हणजे?"

"म्हंजे काय? खडीची कपची उडाली डोळ्यात, संक्रांतीच्या आदी. तिला दिसत न्हाई त्या बाजूचं. तुमी वाचून दावली की तिची वही! आमाला वाटलं तुमाला ठावं हाय."

मी बाकापर्यंत गेले. कौसल्येची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. गेले दीड महिने ती मान खाली घालून, पदर पुढं ओढून बसत होती, आणि मी त्याला विनय समजत होते. उजव्या बुबुळावर पांढरा डाग होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. डोळ्याभोवती सूज. डावा डोळाही लाल झाला होता. तिनं माझा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाली, "न्हाई बाई, बरा हाय आता." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

तास संपायच्या आत मी माळावर गेले. काम निघाल्यापासून त्या माळाकडे मी पहिल्यांदा पाऊल टाकत होते. दगडांचे ढीग, त्यामागं एकेक बाई बसलेली, हातोडा वर जातो, खाली येतो, आणि प्रत्येक घावाला चहूकडं कपच्या उडतात. कुणाच्या डोळ्यावर काही नाही. बायका घाव घालताना डोळे मिटून घेत होत्या, एवढाच बंदोबस्त. कौसल्येच्या आईनं मला पाहिलं आणि हातोडा टाकून उभी राहिली.

"बाई, तुमी हितं? कौशीचं काय झालं का?"

मी म्हणाले, "डोळ्याला एवढं लागलं, तुम्ही दवाखान्यात का नेलं नाही?"

तिनं आधी इकडेतिकडे बघितलं. मुकादम लांब होता. "कसं न्यावं? तिचं नाव हजेरीवर न्हाईच. वय बसत न्हाई. माजी जाऊ बाळंतीन हाय, तिच्या नावावर ही येती. दवाखान्यात इचारलं, कुठं लागलं, तर काय सांगू? मुकादमाच्या कानावर गेलं तर तिघींचंबी काम जाईल. कपची मी पदराच्या टोकानं काढली हुती. जावंचं दूध घातलं डोळ्यात रोज. उतार पडंल वाटलं."

"मला तरी सांगायचं. मी दर शनिवारी नगरला जाते."

"तुमाला सांगू नगं म्हनून मीच शपथ घातली तिला. म्हनलं, शाळंत तोंडातून शबूद काढायचा न्हाई, माजी शपथ हाय. बाईंनी मुकादमाला इचारलं म्हंजे? तिनं पाळली शपथ. लई गुनाची हाय."

तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलीनं आईची शपथ मोडली नाही. तोंडातून शब्द काढला नाही. तिनं लिहिलं. चाळीस वह्या मी घरी नेते, एकेक ओळ वाचते, समासात खुणा करते, हे तिला माहीत होतं. अख्ख्या गावात तिला हळूच काही सांगता येईल असं एकच माणूस होतं. तिनं अगदी व्यवस्थित सांगितलं होतं. कसं दिसतं ते सांगितलं, कोणत्या बाजूला ते सांगितलं, डोळा झाकून तपासून पाहिलं तेही सांगितलं. कुठलाही डॉक्टर त्या दोन निबंधांवरून समजला असता.

उपमा कशासाठी असते, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं आणि मी चाळीस जणांना शिकवत होते. जे आपल्याला होतंय ते दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून माणूस 'सारखं' म्हणतो. पोटात सुई टोचल्यासारखं होतं, डोक्यावर कुणी बसल्यासारखं वाटतं. ऐकणारा वैद्य त्यावर 'वा' म्हणत नाही, नाडी धरतो. 'सारखं' हा शब्द म्हणजे माणसानं पुढं केलेला हात असतो. मी त्या हाताचं नाव, जात, प्रकार सगळं बरोबर सांगितलं. धरला मात्र नाही.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं आम्ही तिघी नगरला गेलो. कौसल्येचा तो आगगाडीचा पहिला प्रवास. ती खिडकीशी बसली, डाव्या बाजूनं बाहेर बघता येईल अशी. सगळीकडे करपलेली रानं. मध्येच म्हणाली, "बाई, परीक्षेच्या आदी बरं व्हईल ना?" मी म्हणाले, "होईल." मला काहीच माहीत नव्हतं, तरी म्हणाले.

डॉक्टर म्हातारे होते, शांत. त्यांनी बराच वेळ तपासलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणाले, "तिची शिक्षिका." ते म्हणाले, "बुबुळावर जखम होऊन ती चिघळली. आता तिथं कायमचा डाग राहणार. त्या डोळ्यानं उजेड-अंधार कळेल, फार तर. दुसरा वाचवू. महिन्यापूर्वी आणायला हवं होतं हो तिला." मी मनात तारीख मोजली. मोजायला फार वेळ लागला नाही, कारण ती माझ्या सहीखाली लिहिलेली होती.

बाहेर बाकावर कौसल्येची आई बसली होती. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं, तसं ती कळवळून म्हणाली, "म्हंजे फूल पडलं म्हना की." त्या भागात बुबुळावरच्या पांढऱ्या डागाला फूल म्हणतात. मुलगी शेजारीच बसली होती, आणि तिच्यासमोर दुसरा कुठला शब्द त्या बाईच्या तोंडून निघाला नसता. आणि मी? तशा वेळीही माझ्या मनानं लगेच त्या शब्दावर खूण केली. रूपक. सवयच तशी पडली होती. मला स्वतःची इतकी किळस पुन्हा कधी आली नाही.

परीक्षा सुरू झाली तेव्हा कौसल्या दवाखान्यातच होती. आमची बाकीची मुलं तालुक्याच्या केंद्रावर गेली, मी त्यांच्याबरोबर होते. मराठीचा पेपर सुटल्यावर सगळी माझ्याभोवती जमली. "बाई, अलंकार सगळे आले!" मी प्रत्येकाची पाठ थोपटली. तिच्या नंबराचा बाक रिकामा होता, असं सुमन म्हणाली. पुढच्या वर्षी बसवा तिला, असं मी कौसल्येच्या आईला सांगितलं. पण पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, बेलापूरकडच्या एका बिजवराशी. डोळ्यामुळं दुसरं स्थळ आलं नाही. गावाकडून पत्रिका आली होती. मी गेले नाही. शाळेला सुट्टी नव्हती, असं कारण मी दिलं. सुट्टी होती.

शाळेत मात्र माझं नाव झालं. बाईंनी स्वतःच्या खर्चानं पोरीला नगरला नेलं, एक डोळा वाचवला, असं हेडमास्तरांनी सभेत सांगितलं. मी तिथं उभी राहून सांगायला हवं होतं. मी मान खाली घातली, आणि सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

त्यानंतर मी अलंकार शिकवणं सोडलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. सोडलं नाही. नोकरी होती. तीस वर्षं शिकवले, त्याच व्याख्या, तेच चार भाग. समासातल्या खुणा मात्र बंद केल्या, आणि पुढं कुठल्याही मुलानं 'पोटात खड्डा पडतो' असं लिहिलं तर मी त्याला बाहेर बोलावून विचारायची, सकाळी काय खाल्लंस. एकदोनदा उत्तर 'काही नाही' असं आलं. बहुतेकदा मुलं बावरून बघायची, बाईंना निबंधसुद्धा कळत नाही म्हणून. पण हे चांगलेपण फार उशिराचं होतं, आणि ज्या मुलीनं ते मला शिकवलं तिला त्यातलं काहीच मिळालं नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नाला बेलापूरला गेले होते. तिथं कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं, कौसल्या जवळच राहते. जेवणं झाल्यावर मी मांडवातून उठले ती विचारत विचारत तिच्या दारात. केस पांढरे, अंग भरलेलं, दोन सुना, नातवंडं. मला बघून ती क्षणभर थांबली आणि एकदम म्हणाली, "आगं बया! आमच्या बाई!" सुनांना हाका मारल्या, नातवाला पाया पडायला लावलं. "ह्यांनी मला आगगाडी दावली," असं त्यांना सांगितलं. नातवानं माझ्यासाठी खुर्ची आणून तिच्या उजव्या हाताला ठेवली. चहा आला. इकडचंतिकडचं झालं. सुमन वारली, हे तिनंच सांगितलं.

मग मी म्हणाले. पन्नास वर्षं होत आली होती, आता नाही तर कधी? म्हणाले, "कौसल्या, तू मला वहीत लिहून सांगितलं होतंस. दोनदा. माझ्या लक्षात आलं नाही. तुझा डोळा माझ्यामुळं गेला."

"न्हाई हो बाई, कपचीनं गेला." ती हसली. "पर तुमाला एक ठावं न्हाई. तिसऱ्यांदा बी लिव्हायचं हुतं मला. साफ लिव्हनार हुते, की माजा डोळा गेलाय, दवाखान्यात न्या. पर तुमी म्हनला हुता ना, निराशेचा सूर नगं. तुमाला आवडलं न्हाई म्हनून मला लई लागलं हुतं. मग तिसरा निबंध आला, आपल्या वढ्याचा. वढा तर ठनठनीत कोरडा. तरी मी त्यात पानी सोडलं, चांदनं पाडलं, बगळे बसिवले. सगळं खोटं. तुमी धापैकी नऊ दिले आन् वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मला इतकं ग्वाड वाटलं बाई, म्हनलं, आता कशाला डोळ्याचं सांगून बाईंचं मन मोडायचं? आठ दिस मला डोळा दुखलेला बी कळला न्हाई."

मला तो निबंध आठवत नव्हता. आजही आठवत नाही. ती नातवाला मांडीवर घेऊन अजून हसतच होती, त्या नऊ गुणांच्या आठवणीनं. मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते, म्हणून मी रडत होते ते तिला दिसलं नाही.